वशिला म्हणा हवं तर

परवा एका ज्युनिअर मैत्रिणीचा मेसेज आला, ताई आमच्या कंपनीत विमेन ऑफ कलरसाठी (म्हणजे गोऱ्या नसलेल्या आम्हा बायकांसाठी) लीडरशिप प्रोग्रॅम निघालाय, फॉर्म भरू का? मी म्हटलं भर की, पण आधी मला सांग, तुझ्या प्रमोशनचं बोलणं ज्या मीटिंगमध्ये होतं तिथे कोण कोण बसतं? ती म्हणाली, अशी मीटिंग असते?

असते बाई. मलाही सहा वर्षं पत्ता नव्हता.

अमेरिकेत नोकरी करताना असले दोन प्रोग्रॅम मी केलेत. एकात शिकवलं की टेबलाच्या मधोमध बसा, ऊठसूट सॉरी म्हणू नका, ईमेलमधला 'जस्ट' काढून टाका. शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. थोडं कामाला आलं, नाही असं नाही, पण सगळा रोख आम्हालाच दुरुस्त करण्यावर, जणू काही बिघाड आमच्यातच होता. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही बायकांसाठीची संस्था, यांचा २०२३ चा रिपोर्ट बघा, पहिल्यांदा मॅनेजर होणारे पुरुष १०० धरले तर बायका ८७ आणि विमेन ऑफ कलर फक्त ७३. म्हणजे घोडं पेंड खातंय ते पहिल्याच पायरीवर, सीईओच्या खुर्चीची गोष्ट फार लांबची.

बरं, कंपनीत महिलांचा ग्रुप होता, त्यात पुढे जायच्या त्या गोऱ्या बायका. एशियन लोकांचा वेगळा ग्रुप होता, तिथे पुढे जायचे ते पुरुष. दोन्हीकडे माझं नाव यादीत आणि दोन्हीकडे मी मागच्या रांगेत. हे दुखणं जुनंच आहे. १९७६ साली जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय बायकांच्या केसचा निकाल लागला, कंपनीने १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय बायका घेतल्याच नव्हत्या आणि मग मंदीत सिनिऑरिटीप्रमाणे कपात केली, साहजिकच या बायका सगळ्यात आधी बाहेर. कोर्ट म्हणालं बायकांना तर कंपनी घेत होती (गोऱ्या, पण ते सोडा), वर्णाची तक्रार वेगळी करा, दोन्ही एकत्र करून तिसरी तक्रार नाही चालणार. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये इंटरसेक्शनॅलिटी (वर्ण आणि बाईपण असे भेदभाव एकमेकांत गुंतून येणं) हा शब्द मांडला तेव्हा हीच केस समोर ठेवली होती. मला तो शब्द फार उशिरा कळला, त्रास आधीपासून माहीत होता.

तर ती मीटिंग. मॅनेजर झाल्यावर पहिल्यांदा आत बसले. स्क्रीनवर नावांची यादी, एका नावाला जेमतेम पाच मिनिटं. एका पोराचं नाव आलं, त्याचा मॅनेजर म्हणाला याच्यात पोटेन्शियल आहे, झालं, पुढे. मग माझ्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईचं नाव आलं, जिने जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर जायचं अख्खं काम, म्हणजे मायग्रेशन, एकहाती ओढून नेलं होतं. तिचा मॅनेजर म्हणाला ती खूप हेल्पफुल आहे, टीमला धरून ठेवते. कौतुकच होतं ते, पण त्या खोलीत हेल्पफुल म्हणजे नोट्स काढणारी, नवीन लोकांना सांभाळून घेणारी. कुणीतरी म्हणालं अजून सहा महिने बघू या का. चार-पाच सेकंद शांतता. मला मायग्रेशनचं सगळं माहीत होतं, आणि मी मूग गिळून गप्प बसले, कारण मीच नवी, मीच सावळी, म्हटलं आपण बोललो तर 'तिच्यातली म्हणून बोलतेय' म्हणतील. पुढच्या वेळी तिचे आकडे कागदावर लिहून नेले, तोवर ती दुसरीकडे गेली होती.

मेंटॉर आणि स्पॉन्सर यातला फरक मला तिथे कळला. मेंटॉर तुम्हाला सल्ला देतो, स्पॉन्सर तुमच्या पाठीमागे, तुम्ही नसताना, स्वतःची पत लावून तुमचं नाव घेतो. सरळ मराठीत सांगायचं तर वशिला. आपल्याला हा शब्द ऐकला तरी ओशाळल्यासारखं होतं, 'मी माझ्या कामावर पुढे जाईन' हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं, पण त्या पोराला जे मिळालं तेही वशिलाच होता की, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. उर्सुला बर्न्स १९८० मध्ये झेरॉक्समध्ये उन्हाळी इंटर्न म्हणून लागल्या, काम उत्तम होतंच, पण १९९० च्या सुमारास एका बड्या अधिकाऱ्याने त्यांना असिस्टंट म्हणून स्वतःजवळ घेतलं आणि मग त्या थेट चेअरमनच्या असिस्टंट झाल्या, म्हणजे निर्णय होतात त्या खोलीत त्या बसायला लागल्या. २००९ मध्ये सीईओ, फॉर्च्युन ५०० मधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. नुसत्या वर्कशॉपने हे होत नाही हो.

आता तर २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पच्या आदेशाने फेडरल सरकारातले डीईआय (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन, म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्याचे) प्रोग्रॅम बंद झाले, आमच्याकडेही प्रोग्रॅमचं नाव गुपचूप बदललं. फोटोही काढले साइटवरून. मीटिंग मात्र तशीच्या तशी चालू आहे.

ज्युनिअरचा काल परत मेसेज आला, तिने शोधून काढलं, मीटिंगमध्ये सहा जण असतात आणि त्यातल्या एकाशीही ती कधी धड बोललेली नाही. मंगळवारी एकीची अर्धा तास वेळ मागून घेतलीये. काय बोलू विचारत होती. मी म्हटलं आभार मानण्यात दहा मिनिटं घालवू नकोस, काय केलंस ते सांग, आकड्यांसकट, आणि पुढचं कुठलं काम हवंय ते नाव घेऊन माग.