वरच्या डाव्या दाढेचा हिशोब

शिलाईच्या वहीत मागच्या बाजूने मी घरखर्च लिहिते. परवा नवरात्राचे ब्लाउज मांडताना मागची पानं चाळली आणि दाढेचे सगळे आकडे एका खाली एक लिहून काढले. 35,440 रुपये. एका दाढेचे.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. सांगलीतच रूट कॅनाल केलं, 4,500. वर कॅप हवीच होती. धातूवर सिरॅमिकची कॅप 4,000 ला होती, पण मी 9,000 ची झिर्कोनियाची घेतली, कारण तिच्यासोबत 10 वर्षांच्या गॅरंटीचं कार्ड मिळत होतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, आता दहा वर्षं या दाढेकडे बघायला नको." मी ते वाक्य धरून बसले.

पहिला आठवडा कॅप उंच लागत होती. तोंड मिटलं की ती एकच दाढ आधी टेकायची, घास चावला की ठणका. मला वाटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. तशी ती बसत नाही. निळा कागद चावायला देऊन कुठे टेकते ते बघतात आणि तेवढंच घासतात. तीन खेपा झाल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही सांगायला हवं.

मग दीड वर्ष काही नाही. या जूनमध्ये त्या दाढेच्या वर हिरडीला पुळी आली. दुखत नव्हती, पण दाबली की खारट पू यायचा. नस काढलेली दाढ थंड-गरम सांगत नाही, त्यामुळे आत बिघडलं तरी अनेकदा आपल्याला पत्ता लागत नाही. एक्स-रे 300, गोळ्या 640. मुळाच्या टोकाला काळा डाग दिसला. डॉक्टरांनी मिरजेच्या रूट कॅनालच्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे आधी स्कॅन, 2,500. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून नीट समजावलं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन, पण आतल्या नळ्या बहुतेक वेळा चार असतात. चौथी गालाकडच्या पुढच्या मुळात, केसासारखी बारीक, साध्या एक्स-रेत सहज लपते. माझी तीच राहून गेली होती. पुन्हा रूट कॅनाल 8,000. कॅपला भोक पाडून आत जाता येतं, पण माझ्या कॅपच्या कडेखाली कीडही लागली होती, म्हणून ती कापूनच काढावी लागली. झिर्कोनिया इतकं टणक की अर्धा तास मशीन चालू होतं. कॅपचे दोन तुकडे ट्रेमध्ये पडले तेव्हा मला रडू आलं. त्या 9,000 साठी मी किती रात्री मशीनवर बसले होते ते मला माहीत आहे.

घरी येऊन लेकीने गॅरंटी कार्डाची बारीक अक्षरं वाचली. कॅप आपोआप तडकली किंवा फुटली तर लॅब नवी करून देणार. कॅपच्या आतल्या दाढेला काही झालं, उपचारासाठी कॅप काढावी लागली, तर नाही. डॉक्टरांची फी तर कशातच नाही. आमच्या मेडिक्लेममध्येही दातांचं हे बसत नाही. मग आतलं भरण 1,500, नवी कॅप पुन्हा 9,000.

पहिल्या डॉक्टरांना मी जाऊन भेटले. भांडायला नाही, विचारायला. चौथी नळी अनेकदा सापडत नाही असं ते म्हणाले, आणि ते मला पटतं. पण हे असं होऊ शकतं एवढं आधी सांगितलं असतं तर मी 4,000 ची कॅप घेऊन बाकीचे पैसे बाजूला ठेवले असते. त्या न सांगण्याचा राग अजून गेलेला नाही.

आता नवी कॅप कच्च्या सिमेंटवर बसवली आहे, पंधरा दिवस बघून पक्की करतील. या वेळी मी पक्की करण्याआधीच एक्स-रे मागितला, कॅपची कड दाढेला नीट भिडली आहे का ते बघायला. स्कॅनची सीडी मागून घेतली, ती वहीच्या पिशवीत आहे. वर्षातून एकदा या दाढेचा एक्स-रे काढायचा हेही ठरवलंय. दाताने दोरा तोडणं बंद, कात्री गळ्यात बांधली आहे. शेजारच्या वहिनींची कॅप पुढच्या सोमवारी आहे. त्या काल कार्ड घेऊन आल्या होत्या, आम्ही दोघींनी खिडकीपाशी बसून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.