आडनावातला जादा 'ए'

इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी झाली त्या रात्री भाची गाढ झोपली. झोप उडाली होती ती माझ्या भावाची. गाव कर्नाटकातल्या, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, घरात आजवर इंजिनिअर कुणी नाही, आणि सगळा कारभार कन्नड-इंग्रजीत. "आक्का, आता तूच बघ गं," म्हणाला. मी मराठी शाळेत शिकवते, एवढीच माझी पात्रता.

केईएचा, म्हणजे सीईटी आणि प्रवेश बघणाऱ्या कर्नाटकच्या सरकारी संस्थेचा, फॉर्म आधीच एका सायबरवाल्या पोरानं भरला होता. प्रिंट घेऊन बसले तर दोन घोळ सापडले. पोरगी पहिली ते दहावी गावातच शिकलेली. ग्रामीण कोट्याच्या 15 टक्के जागांत तिचा हक्क बसत होता, तिथं 'नाही'. आणि कन्नड माध्यमापुढं मात्र 'हो'! शाळेत कन्नड विषय होता, त्यालाच माध्यम समजून त्यानं टिक मारलेली. पडताळणीत हे अंगाशी आलं असतं. दुरुस्तीची मुदत उघडी होती म्हणून निभावलं. मग प्राथमिक शाळा आणि हायस्कूल, दोन्हीकडून स्टडी सर्टिफिकेट, त्यावर मुख्याध्यापकांची सही, वर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, ऑफिसचा शिक्का.

खरं दमवलं ते जातीच्या दाखल्यानं. इकडं मराठा थ्री बी या मागास गटात येतो. दाखला नाडकचेरी या महसूल खात्याच्या ऑफिसातून मिळतो आणि त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, फॉर्ममध्ये घालावा लागतो. दाखला होता, नंबर होता, पण नाव जुळेना. चष्मा पुसून अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्कलिस्टवर 'जाधव', दाखल्याच्या इंग्रजीत 'जाधवा'. कन्नडात शेवटचा अ पुरा उच्चारतात, त्यामुळं इंग्रजीत आमच्या आडनावाला एक जादा 'ए' चिकटलेला. माझ्या स्वतःच्या रेशनकार्डावरही तो आहे, पण कधी अडलं नव्हतं! दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा झेरॉक्स, आणि भावाचे रोपलावणीतले चार दिवस गेले.

रँक पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे गुण धरून लागते. लागली ती ना फार वर, ना फार खाली.

ऑप्शन एंट्रीच्या, म्हणजे कॉलेजांची पसंतीयादी भरायच्या, रात्री स्वयंपाकघरात वही उघडून बसलो. भाऊ म्हणाला, कम्प्युटरची पाच कॉलेजं घाल, बास. वहिनी म्हणाली, बेळगावबाहेर नको. मी म्हटलं, अरे, कितीही घालता येतात, पैसे पडत नाहीत. पण यादीत वरून खाली बघत जी पहिली सीट रँकला मिळते तीच देतात, तेव्हा क्रम मनापासून लाव. भाचीनं हुबळीचं एक कॉलेज गुपचूप पहिलं लिहिलं. मॉक अलॉटमेंटमध्ये, म्हणजे जागावाटपाच्या रंगीत तालमीत, त्या पाचांतलं एकही लागलं नाही, तेव्हा कुठं भाऊ यादी वाढवायला तयार झाला. शेवटी बेचाळीस झाली.

मधेच तात्या विचारून गेले, "महाराष्ट्राकडं का नाही बघत? आपली 865 गावं म्हणतात न्हवं?" बघता येतं. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या या 865 गावांच्या मराठी मुलांसाठी तिकडं 'टाइप ई' म्हणून वेगळी सोय आहे. गाव वादग्रस्त भागातलं असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा, असे दोन लागतात. पण त्यांची सीईटी वेगळी, आणि तिचा फॉर्मच आम्ही भरला नव्हता. तात्यांच्या धाकट्या नातवासाठी दोन्ही दाखल्यांची नावं कागदावर लिहून दिली.

पहिल्या फेरीत बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स लागलं. चॉइस टू घेतला, म्हणजे ही सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायांची वाट बघायची. भाची हुबळीची वाट बघत राहिली. दुसऱ्या फेरीतही तेच बेळगाव.

"बरं झालं," वहिनी म्हणाली, "बसनं जाऊन येईल." भाची काही बोलली नाही. बसपासच्या फॉर्मवर नाव लिहिताना मात्र थांबली आणि मला विचारलं, "आत्या, इथं 'ए' घालू का नको?"