मन होत नसलं तरी कूलरला पाणी लागतंच

बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी सकाळच मोडली. जाग यायची, पण उठावंसं वाटायचं नाही. दात घासणं, आंघोळ, नाश्ता, सगळं पुढे ढकलत दुपार व्हायची. नागपुरात मे महिन्यात एकदा दुपार झाली की काही खरं नसतं. पारा 45 च्या आसपास, गल्लीत चिटपाखरू नाही. जे करायचं ते सकाळीच, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

एक काम मात्र टळायचं नाही. नळ आला की पाइप लावून कूलरची टाकी भरायची, नाहीतर दुपारी आईला खोलीत बसवत नसे. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवलं तेव्हा तिथल्या मॅडमनी दिवसभराचं सगळं विचारून घेतलं आणि हेच पकडलं. "हे होतंय ना? मग पुढचं काम याच्याच मागे लावा. मन व्हायची वाट पाहू नका." आधी कृती, उमेद मागून. नैराश्याच्या उपचारात ही पद्धत बरीच वापरली जाते, तिला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात.

मग टाकी भरेस्तोवर दात घासायचे. पाइप गुंडाळला की थेट मोरीत. फार जड वाटेल त्या दिवसासाठी प्रत्येक कामाचं लहान रूप आधीच ठरवलं होतं: आंघोळ नाही तर तोंड-हात-पाय धुणं, फिरणं नाही तर कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापर्यंत जाऊन येणं. रात्रीचे कपडे बदलण्याला मात्र सूट नव्हती. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. अंगावर बाहेरचे कपडे असले की मी परत गादीवर पडत नसे.

21 दिवसांत सवय लागते, असं सगळे सांगतात. त्याने उलट धास्ती बसते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात (2010) सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हे वाचून मला फार धीर आला.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर एकट्याने ओढत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही.

पाऊस सुरू झाला आणि कूलर बंद झाला. त्याची मला खरंच भीती होती. पण नळ तर रोज येतोच, म्हणून मग सकाळची सगळी कामं पिण्याचं पाणी भरण्याला जोडली. संध्याकाळ अजून तितकीशी जमत नाही. तिला सध्या आईच्या बीपीच्या गोळीच्या वेळेशी बांधून पाहतेय.