फिशबॉलचे चार तुकडे

सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, खायला-प्यायला बंदी आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत होतो, हे तुम्हाला ठाऊक असणारच. इथे फिरून गेलेल्या प्रत्येक काका-मावशींनी त्या पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकलेला असतो. बंदीत घोटभर पाणीही आलं आणि तोंडातली गोळीही आली. पण डबीत चुरमुरे आहेत हे माहीत असलेल्या दोन वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? बिशानला गाडी भरली, लेकीने "च्युमुये, च्युमुये" असा जप सुरू केला, आणि मी डबीचं झाकण जरासं उघडलं. समोरच्या सीटवरच्या चिनी आंटी लगेच म्हणाल्या, "कॅनॉट ईट, हां. बेबी ऑल्सो कॅनॉट."

नियम म्हणजे नियम. मी डबी मिटली. आंटींनी स्वतःच्या पर्समधली किल्ल्यांची साखळी काढून लेकीला खेळायला दिली, तिने ती चार स्टेशनं वाजवली, रडं टळलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्यांच्यासारखी बाई नाही असं मी घरी येऊन सांगितलं असतं. पण लेकीचं मनगट दोन बोटांत धरून त्या मला म्हणाल्या, "आय्यो, सो थिन. शी ईट ऑर नॉट?" अख्खा डबा ऐकत होता.

खाते की नाही! हा प्रश्न नाशिकला जिन्यात भेटणाऱ्या काकू विचारतात तेव्हा मी हसून "खाते हो, अंगाला लागत नाही" म्हणते आणि विषय संपतो. इथे मात्र भर गाडीत वजनाच्या तक्त्यावर भाषण द्यावंसं वाटलं. ती जन्मापासून खालून दुसऱ्या रेघेवर आहे आणि ती रेघ तिने कधी सोडलेली नाही. डॉक्टर दर वेळी हेच म्हणतात, रेघ कुठली ते बघू नका, मूल आपल्या रेघेला धरून वाढतंय का ते बघा. पण गाडीतल्या लोकांना रेघ दिसत नाही, मनगट दिसतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याचे स्टॉल एका छपराखाली असतात तिथे, बसलं की माझं लक्ष स्वतःच्या ताटात कमी आणि शेजारच्या बेबी चेअरवर जास्त. म्हटलं, माझ्यावर शेरे येणार असतील तर माझेही थोडे असू देत.

पहिला शेरा फोनवर, आणि तो मी मागे घेणार नाही. मिरचीच्या सॉसच्या बाटलीला, नाहीतर जागा धरायला ठेवलेल्या टिश्यूच्या पाकिटाला फोन टेकवलेला असतो. त्यात कुठलीतरी बस गोल गोल फिरत असते. मूल त्या बसकडे बघतं आणि तोंड आपोआप उघडतं. चमचा आत, तोंड बंद, परत उघड. मासा घातलेली पेज असो, साधा भात असो की उकडलेलं अंडं, चेहऱ्यावर काही उमटत नाही. आपण काय खातोय हे त्या मुलाला विचारलं तर सांगता येणार नाही. आई एका हाताने भरवते, दुसऱ्या हाताने स्वतःचा फोन बघते. बाप तिसऱ्या फोनवर. एका टेबलावर माणसं तीन, फोन तीन, आणि लक्सा, नारळाच्या दुधातल्या नूडल्सची वाटी, कुणाच्याही नजरेत न भरता गार होतो. हे बघून माझा जीव नुसता तडफडतो. ओरडून रडणारं मूल परवडलं, ते निदान जेवणाच्या बाजूला आहे.

इथलं सरकारही माझ्या बाजूने आहे. जानेवारी २०२५ मध्ये आरोग्य खात्याने नव्या सूचना काढल्या: अठरा महिन्यांखाली स्क्रीन नको, अठरा महिने ते सहा वर्षं शाळेबाहेर दिवसाला तासाच्या आत, आणि जेवताना तर नकोच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते, जागतिक आरोग्य संघटनेचंही २०१९ पासून थोड्याफार फरकाने तेच म्हणणं. हे सगळं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आणि आजी?"

आजीचं असं आहे. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा नाशिकला पाच. आई चहाचा कप घेऊन फोनसमोर बसते आणि म्हणते, "चिमणे, हा घास चिऊचा... आता काऊचा... आणि हा बघ, आजीचा!" आणि आजीच्या घासाला लेक एवढा मोठा आ करते की आख्खा वरण-भाताचा गोळा आत जातो. आम्ही बाहेर जेवत असलो तरी ही वेळ चुकत नाही. आता लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? बाटलीला टेकवलेला फोन आणि आ करणारं मूल. पण हा स्क्रीन नव्हे, ही आजी आहे. आणि मी मनाचं सांगत नाही, त्याच सरकारी सूचनांत तान्ह्यांसाठी व्हिडिओ कॉलची सूट दिलेली आहे. ती अठरा महिन्यांखालच्यांसाठी आहे आणि लेकीने दोन वर्षं ओलांडली, असं नवरा म्हणतो. त्याला वकिलीच करायची होती तर सॉफ्टवेअरमध्ये कशाला आला कोण जाणे. फिरणारी बस "गिळलंस का गं?" असं विचारत नाही, आजी विचारते. एवढा फरक मला पुरे.

आता कात्रीबद्दल. फोनबद्दल जितकं वाईट बोलले तितकंच चांगलं मला त्या कात्रीबद्दल बोलायचं आहे. इथल्या कितीतरी आयांच्या बॅगेत प्लास्टिकच्या खोक्यात छोटी कात्री असते, फक्त जेवणासाठी. नूडल्स आले की वाटीतल्या वाटीत कचाकच कापायचे, पालेभाजीचे दोरे कापायचे, चिकनचे तुकडे करायचे, कात्री पुसून परत खोक्यात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, कात्री शिवणाच्या डब्यात असते, पानात कशी आली? आता माझ्या बॅगेत एक आहे, नाशिकच्या बॅगेत एक आहे, आणि बहिणीच्या मुलासाठी एक पाठवली आहे. पोळीचे तुकडे, भेंडीचे तुकडे, डोशाच्या कडा, द्राक्षं उभी चिरायला, सगळ्याला ती चालते. आईला पटत नव्हती. मागच्या भेटीत तिने माझ्या कात्रीने कढीपत्ता कापला आणि मग कात्री परत मिळेना.

फिशबॉलसाठी, म्हणजे माशाच्या लगद्याच्या गोळ्यासाठी, तर कात्री हवीच. गोल, गुळगुळीत, रबरासारखा, बरोबर मुलाच्या घशाएवढा. चार तुकडे केल्याशिवाय तो लहान मुलाच्या हातात द्यायचाच नाही. शेजारच्या टेबलावर कुणी अख्खा दिला तर मी बोलते. ओळख नसली तरी बोलते. नवरा टेबलाखालून पाय मारतो, तरी बोलते. कोण फोन दाखवतं, कोण चिप्स देतं, कोण रात्री नऊला आइस्क्रीम देतं यावर मी मनातल्या मनात शेरे मारते आणि गप्प बसते. श्वासनळीच्या बाबतीत गप्प बसणं मला जमत नाही. हीच मी नाशिकला लग्नाच्या पंगतीत पुतण्याच्या मुठीतून शेंगदाणे काढून घेतले, तेव्हा सगळे म्हणाले, सिंगापूरला जाऊन फार शहाणी झाली.

हेल्परबरोबर आलेल्या मुलांवर मात्र शेरा मारताना माझीच पंचाईत होते. घरी राहून काम करणाऱ्या परदेशी बायका इथे अडीच लाखांहून जास्त आहेत, बहुतेक इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि म्यानमारच्या. दुपारी बाराला हॉकर सेंटरमध्ये बसलेल्या मुलाला भरवत असते ती हेल्पर. फोन तिनेच लावलेला असतो, कारण मूल जेवलं नाही तर संध्याकाळी उत्तर तिला द्यायचं आहे. येणारे-जाणारे मात्र म्हणतात, "आई कुठे आहे याची?" आई ऑफिसात आहे. बापही ऑफिसात आहे, पण तो कुठे आहे हे मी आजवर कुणाला विचारताना ऐकलं नाही. त्या हेल्परचं स्वतःचं मूल जावा बेटावरच्या कुठल्यातरी गावात तिच्या आईच्या हातचं जेवत असतं. त्या वाटीकडे बघणारं तर इथे कुणीच नाही.

हाताने भरवण्याबद्दल सासूबाई फार काळजीत होत्या. नॉर्वेत २०११ साली एका बंगाली जोडप्याची मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने काढून घेतली होती, आणि हाताने भरवणं हाही आपल्यावरचा एक आक्षेप होता असं त्या आईबापांनी सांगितलं होतं. सासूबाईंनी ती बातमी मनात जपून ठेवली आहे. "बाहेर चमचाच वापर गं," असं दर फोनला सांगतात. त्यांना कितीदा सांगितलं की हे नॉर्वे नाही. इथे मलाय आणि तमिळ मंडळी सर्रास हाताने जेवतात, हॉकर सेंटरात हात धुवायला बेसिन असतात, रेसकोर्स रोडवर केळीच्या पानावर भात वाढतात. माझ्या बोटांकडे इथे कुणी वळूनही बघत नाही.

बघतात ते दुसरंच. मुलगी दोन वर्षांची झाली तरी आई भरवते, हे. तिच्या पाळणाघराच्या टीचर रोज फोटो पाठवतात: बाईसाहेब छोट्या खुर्चीवर बसून चमच्याने भात-सूप खातायत, स्वतःची वाटी स्वतः ट्रेमध्ये ठेवतायत. खाली लिहिलेलं असतं, "व्हेरी इंडिपेंडंट टुडे!" ते "टुडे" मला टोचतं. घरी आल्यावर हीच इंडिपेंडंट मुलगी माझ्या मांडीवर आडवी पडून आ करते. मग मी भरवते. दिवसभर स्वतंत्र राहिलेल्या माणसाला संध्याकाळी कुणी भरवलं तर काय बिघडतं? मला तर आजही आई भरवायला बसली तर मी नाही म्हणणार नाही.

आजीकडे गेलं की शेरेबाजीची तऱ्हाच बदलते. गच्चीवर पोर पुढे, वाटी घेऊन आई मागे, तिच्यामागे आत्या. कावळा दाखवायला एक जण, टाळ्या वाजवायला एक जण. कुणाचं तरी मत असतं की तूप कमी पडलं, कुणाचं की मेतकूट हवं होतं, नाचणीचं सत्त्व दिलं असतं तर एव्हाना बाळसं धरलं असतं. आणि चार लोकांसमोर भरवू नको, दृष्ट लागते, म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचं. कटकट असते, पण वाटी हातातून घ्यायला कुणीतरी असतं. गंगापूर रोडवरच्या हॉटेलात फोन टेकवलेली मुलं इथल्याइतकीच दिसतात, तेही मान्य. तरी तिथे शेजारच्या टेबलावरची अनोळखी आजी उठून "ये गं माझ्याकडे" म्हणते आणि आईला दोन घास गरम खाता येतात. इथे कुणी येत नाही. सगळे सभ्यपणे लांबून बघतात.

त्या लांबून बघण्यामुळेच जेवण झालं की मी भाताची शितं वेचत बसते. सप्टेंबर २०२१ पासून ट्रे उचलणं आणि टेबल आवरणं कायद्याने आलं आहे, जमिनीबद्दल काही म्हटलेलं नाही. पण चिनी मुलाखाली नूडल्स सांडले तर लोक म्हणतात, लहान मूल आहे. आमच्याखाली भात सांडला तर म्हणतील, इंडियन फॅमिली. म्हटलंय असं कुणी? नाही, अजून नाही. मी तशी संधीच देत नाही.

नवऱ्याला यातलं काही लागू नाही. एप्रिल २०२५ पासून इथल्या नागरिक बाळांच्या बापांना चार आठवड्यांची पगारी रजा हक्काची झाली. आम्ही कामाच्या पासवर आलेले परदेशी, आम्हाला ती नाही, पण कौतुक मात्र त्याला नागरिकाइतकंच मिळतं. मागच्या रविवारी मला बरं नव्हतं म्हणून तो एकटाच लेकीला घेऊन खाली जेवायला गेला. फोन बाटलीला टेकवला (आजी नव्हे, बस), फिशबॉल नूडल्स घेतले, चार तुकडे तेवढे केले. पेयांच्या स्टॉलवरचे अंकल स्वतः टेबलापाशी आले, "वाह, गुड डॅडी!" म्हणाले आणि लेकीला मायलोचा ग्लास फुकट देऊन गेले. घरी येऊन हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी विचारलं, ग्लासात साखर किती होती? तो म्हणाला, फुकट होतं, विचारलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जावईबापू किती करतात गं पोरीचं." हा वाद या आठवड्यात काही मिटत नाही.