दात काढून द्या

जानेवारीतली गोष्ट. तिशीतला एक जण उशीचा अभ्रा छातीशी धरून दवाखान्यात शिरला. मांजर असेल म्हणून आमच्या मदतनिसाने टेबल पुसून ठेवलं. अभ्र्यातून निघाला इग्वाना, म्हणजे परदेशी जातीचा मोठा सरडा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार फूट, हिरव्या अंगावर शेंदरी झाक. तीन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा वीतभर होता म्हणे.

"डॉक्टर, याचे दात काढून द्या."

त्याच्या अंगठ्याला सात टाके होते.

मी ओठ जरा उचलून दाखवला. बारीक, चपटे, करवतीच्या पात्यासारखे दात. हे जन्मभर पडतात आणि पुन्हा येतात. काढून उपयोग नाही, आणि असता तरी मी काढले नसते. नर वयात आला की विणीच्या दिवसांत शेंदरी होतो, आणि मालकसुद्धा त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो. यात रोग कसला?

रोग वेगळाच होता. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबला.

"खायला काय घालता?"

"अंडी. कधी चिकन."

पक्का पालेखाऊ प्राणी हा! त्यात तीन वर्षं ट्यूबलाइटच्या उजेडात. अंगावर थेट ऊन नाही, म्हणजे ड जीवनसत्त्व नाही, मग कॅल्शियम हाडात मुरणार कुठून? मी हे सांगत असतानाच शेपटीचा फटका मनगटावर बसला. ओल्या वेताचा बसावा तसा. वळ दोन दिवस राहिला.

घरी दीड वर्षाची मुलगी आहे हे बोलता बोलता कळलं. तिच्याच अंघोळीच्या टबात याला डुंबायला सोडत. धडधाकट दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो, असं म्हटल्यावर तो गप्पच झाला.

कागदपत्रं? "मित्राकडून घेतला." असे परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवायची मुदत २८ ऑगस्ट २०२४ ला संपली होती. याला पत्ताच नव्हता. कारवाईच्या धास्तीने त्याने हळूच विचारलं, "ताम्हिणीत सोडला तर?"

फ्लोरिडात लोकांनी हेच केलं आणि आज तिथे इग्वानांचा उच्छाद आहे, हे मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. आवाज चढवायला नको होता. वन विभागाकडे स्वतःहून जा, तब्येतीचं पत्र मी देतो, उद्या घेऊन जा, म्हटलं. कॅल्शियमचं औषध घेऊन तो गेला. त्याच्या देखत वन विभागाला फोन लावायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पत्र ड्रॉवरमध्येच आहे. त्याने दिलेला नंबर लागत नाही.