एसीच्या पाइपाखालचं मॉस

मे महिन्यात मला येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात: काचेच्या भांड्यातलं मॉस (ओल्या भिंतींवर, दगडांवर उगवतं ते मखमली हिरवं) पिवळं पडलंय, काय करू? कोथरूडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला तो मात्र वेगळा होता. "ते काचेचं भांडं उचलून घेऊन जा, एवढंच काम आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. भांडं कुणीतरी त्यांना भेट दिलेलं. मॉस टाकायचं म्हटलं की मला ते आधी बघितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून भिंग आणि फवारणीची बाटली घेऊनच गेले.

भांडं पश्चिमेच्या खिडकीत होतं, झाकण घट्ट लावलेलं, वर दुपारचं ऊन. झाकण काढलं तर हाताला वाफ लागली. आत पसरलं होतं हिप्नम. थंड मुलखात झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर आडवं वाढत जाणारं हे मॉस जगात कितीतरी ठिकाणी सापडतं. त्याची पानं एकाच बाजूला वाकलेली आणि एकमेकांवर अशी बसलेली, की भिंगातून प्रत्येक फांदी घट्ट घातलेल्या वेणीसारखी दिसते. इथे सगळं तपकिरी झालं होतं आणि शेंड्यांवर पांढरी पूड बसली होती.

"रोज पाणी मारते हो ताई, एक दिवस चुकवला नाही," तिथल्या मावशी काळजीने म्हणाल्या. पाणी बोअरचं होतं. मॉसला खरी मुळं नसतात. तळाशी असतात ते धागे नुसते धरून ठेवण्यापुरते. पाणी ते पानांतूनच पितं, आणि पान बहुतेक एकाच पेशीच्या जाडीचं. बोअरच्या पाण्यातले क्षार त्या पानावरच साचत जातात. त्यात बंद काचेतली उष्णता. ओल्या उकाड्यात मॉस जेवढं अन्न तयार करतं त्याहून जास्त खर्च करतं आणि खंगत जातं. मावशींचा काही दोष नव्हता. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"पण बंद भांड्यात झाडं वर्षानुवर्षं जगतात म्हणे?" मॅडमनी विचारलं. जगतात ना! लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी 1829 साली पतंगाचा कोश बघायला ओल्या मातीत घालून बाटलीत बंद केला, तर आत नेचा आणि गवत उगवलं. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या आणि 1833 मध्ये त्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीला पाठवली. त्यांची ती बाटली मात्र उत्तरेच्या खिडकीबाहेर होती. सारा फरक तिथे आहे.

हात धुवायला मागच्या बाजूला गेले आणि थबकले. कंपाउंडची भिंत मे महिन्यात हिरवीगार! वर एसीचा पाइप ठिबकत होता. एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ थंड होऊन पडलेली, त्यात क्षार जवळजवळ नसतात. थेंब पोचत होते तिथे मखमल, आणि हातभर अंतरावर तेच मॉस काळपट, वाळलेलं. हायोफिला असावं, पुण्यातल्या जुन्या भिंतींवर सर्रास दिसणारं.

मॅडमना बोलावलं. त्या त्यांचं तपासणीचं भिंग घेऊन आल्या. वाळलेल्या भागातली पानं कडांनी आत गुंडाळून सुरळ्या झालेली. मी फवारा मारला. एक पान उलगडलं, शेजारचं उलगडलं, मग सगळा तुकडाच हलल्यासारखा झाला आणि काळ्याचा हिरवा होत गेला. मिनिटभरही लागलं नसेल. "हे मेलेलं नव्हतं?" असं म्हणत त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि पुढच्या तुकड्यावर स्वतःच फवारा मारला.

पावसाआधी ती भिंत खरवडून रंगवायची ठरली होती. त्यांनी तिथूनच रंगाऱ्याला फोन लावला: पाइपाखालची जागा सोडा.

डोंगरातल्या जंगलातून खरवडून आणलेले मॉसचे मोठे तक्ते मी विकत घेत नाही. तिथे ते परत भरायला वर्षं जातात. भिंतीवरून अंगठ्याएवढे मोजके तुकडे, खालच्या मातीसकट, मधे मधे जागा सोडून उचलले आणि धुतलेल्या भांड्यात बोटांनी दाबून बसवले. खत अजिबात नाही. हायोफिला बुटकं आणि ताठ वाढतं, हिप्नमसारखं लोळत पसरत नाही. हे मी मॅडमना आधीच सांगितलं. भांडं खिडकीपासून लांब, पेपर वाचता येईल एवढ्या उजेडात ठेवलं. सकाळी काचेवर बाष्प दिसावं आणि दुपारपर्यंत जावं. नाही गेलं तर झाकण थोडा वेळ उघडं ठेवायचं. पाण्यासाठी एसीच्या पाइपाखाली बादली लावली.

मावशी सगळं लक्ष देऊन बघत होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "आमच्या चाळीत मोरीमागच्या भिंतीवर असंच आहे. बरणीत चालेल का?"

"साबणाचं पाणी येतं का तिथे?"

"वरच्या अंगाला नाही येत."

"मग वरचंच घ्या," म्हटलं, आणि माझी फवारणीची बाटली त्यांना देऊन टाकली.