रात्री बाराचं ऊन

घरमालकांचा फोन आला तेव्हा त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, ओशाळलेला होता. "घर छानच झालंय हो, पण एसी घ्यावा म्हणतो. आई रात्र रात्र जागी असते."

कोरड्या, कडक उन्हाळ्यात एसीवाचून राहता येईल असं घर, एवढ्या एका बोलीवर ते काम मला मिळालं होतं. फ्लाय अ‍ॅशच्या विटा, जुन्या दारांचं लाकूड, पावसाच्या पाण्याची टाकी, सोलर पॅनल, सगळं केलं होतं. पश्चिमेला तर एकही खिडकी ठेवली नव्हती. ऊन आत येणारच कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळीच इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन गेलो. त्या घरात मी पुष्कळ वेळ काढला होता, पण सगळा दिवसाचा.

"दिवसा काय बघायचं त्यात? रात्री राहा," आजी म्हणाल्या. राहिलो.

दुपारी तीनला बाहेर ४२ अंश, गच्चीचा कोबा ६३. आजींच्या खोलीत मात्र छताची खालची बाजू ३९ आणि पश्चिमेची भिंत ३५. मला जरा धीर आला. तो संध्याकाळपर्यंतच टिकला. सहाला छत ४३ वर गेलं. पाच इंची स्लॅबमधून ऊन खाली उतरायला साधारण चार तास लागतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. अंधार पडल्यावर छत हळूहळू निवायला लागलं, तर भिंत चढायला लागली. दहाला ३८, बाराला ४०. नऊ इंची विटेच्या भिंतीला उष्णता पार करायला सात-आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चारचं जे तिरपं ऊन मी खिडकी न ठेवून अडवलं असं समजत होतो, ते भिंतीतून वाट काढत बाराच्या सुमाराला थेट आजींच्या उशाशी येत होतं. पलंगाची ती जागा नकाशात मीच दाखवलेली.

खोलीतली हवा तेव्हा ३४ अंशांवर आली होती, तरी तिथे बसवत नव्हतं. हवेइतकीच भिंतीची आणि छताची धगही अंगाला लागते. पंखा तिला काही करू शकत नाही.

मग माझं लक्ष खिडक्यांकडे गेलं. सगळ्या बंद.

"डास येतात ना," आजी म्हणाल्या.

"आणि दिवसा?"

"दिवसा सताड उघड्या. तुम्हीच तर सांगितलंत, हवा खेळती ठेवा."

सांगितलं होतं खरं. दमट हवेत ते बरोबरही आहे. तिथे भिंती हलक्या हव्यात आणि वारा दिवसरात्र अंगावरून जायला हवा, नाहीतर घाम वाळत नाही. कोरड्या उष्ण हवेत, जाड भिंतींच्या घरात मात्र सगळं उलटं. दिवसा ४२ अंशांची हवा आत घेतली की भिंती आतूनही तापतात. रात्री बाहेरच्या २९ अंशांच्या हवेने त्या निवायच्या, नेमक्या तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेत होतो. जाळीच्या झडपांचा विषय ठेकेदाराने काढला होता. दर्शनी भाग बिघडतो म्हणून त्याला नको म्हणणारा कोण, हे वेगळं सांगायला नको.

साडेबाराला आम्ही पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला, वर मच्छरदाणी बांधली, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या आणि जिन्यावरचं गच्चीचं दार पण. गरम हवा जिन्यातून वर चढली, तशी खिडक्यांतून गार हवा आत यायला लागली. दहा मिनिटांत मच्छरदाणी हलताना दिसली.

आजी झोपल्या. मुलगा आणि मी खाली टेबलाशी. सोलर पॅनल मी जिन्याच्या टोपीवर टाकले होते, खालून दिसू नयेत म्हणून. ते या खोलीच्या छतावर आणायचे, खाली हातभर मोकळी जागा सोडून, म्हणजे वीजही मिळेल आणि सावलीही. उरलेल्या गच्चीला पांढरा चुना. पश्चिमेला भिंतीपासून फूटभर लांब जाळीचा सांगाडा आणि त्यावर वेल. भिंतीलाच चिकटवला तर मधून वारा जात नाही. झडपा तर सगळ्यात आधी. जिना, न्हाणीघर आणि अडगळीची खोली पश्चिमेला टाकून झोपायच्या खोल्या पूर्वेला घेतल्या असत्या तर यातलं निम्मं काम उरलंच नसतं. ऑफिसात एक दुसरा नकाशा मंजुरीला जायच्या तयारीत होता. त्यातली शयनगृहं कुठे आहेत ते मला एकदम आठवलं, आणि मी मोबाइलवर स्वतःलाच निरोप टाकून ठेवला.

"मग एसी?" त्याने विचारलं.

"एक महिना थांबा. पंखा चालू ठेवा."

पहाटे पाचला भिंत ३५ वर आली होती. मी आकडा टिपत होतो तेवढ्यात आजी उठल्या, बाहेर एकदा बघितलं आणि एकेक खिडकी लावायला लागल्या.